तारखेचा रकाना

रविवार, ५ फेब्रुवारी

वजीह, बाळा,

तुझा बाप बयूमी लिहितो आहे. अक्षरावरून ओळखलंच असशील. आपल्या गिरणीत हे अक्षर न ओळखणारा माणूस नाही. तू माझा नंबर तुझ्या फोनवर बंद केलास, म्हणून कागद घेतला. तुझी बहीण नज्ला पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. ती म्हणते, तू वाचलंस की तिच्या फोनवर दोन निळ्या खुणा उमटतात. म्हणजे उत्तर आलं नाही तरी मला कळेल. रागावू नकोस, पाळत ठेवत नाही. बापाला एवढं कळावं की पोरगा जिवंत आहे.

तिकडे जॉर्डनमध्ये, इर्बिदला, थंडी फार आहे असं बातम्यांत सांगतात. छातीवर लोकरीचं घालतोस ना? तू काम करतोस त्या गोदामात ओल आहे का? खोकला राहिला का? मी विचारत राहतो आणि तुझी बहीण म्हणते, "बाबा, तो बत्तीस वर्षांचा आहे." असेल. बत्तीस वर्षांच्या माणसालाही खोकला होतो.

तुझा निरोप मिळाला. नज्लाने दोनदा वाचून दाखवला. "बाबांना सांग, माझा कोरा कागद वनीसच्या वकिलाला द्या. तो दिलात की मी फोन करीन. त्याआधी नाही." वनीस आणि तुझ्या खात्यातल्या बाकीच्यांच्या खटल्याची सुनावणी १५ मार्चला आहे हेही समजलं. कागद सुरक्षित आहे. तुझ्या आईच्या बिस्किटांच्या डब्यात, रेशनकार्डाच्या खाली. तू काळजी करू नकोस.

पण त्याच निरोपात त्या कागदांना तू पाप म्हणालास, ते माझ्या मनातून जात नाही. नियम मी केला नव्हता. गिरणी सरकारने विकली तेव्हापासून नवे मालक प्रत्येक नव्या माणसाकडून दोन सह्या घेत. एक नेमणुकीवर, दुसरी राजीनाम्यावर. राजीनाम्याचा तो सहा नंबरचा फॉर्म. नाव, सही, अंगठा, सगळं त्याच दिवशी. फक्त तारखेचा रकाना कोरा. इजिप्तमध्ये ही काय आपली एकच गिरणी होती? मी प्रत्येकाला आधी चहा पाजायचो आणि सांगायचो, "हा कागद झोपलेला आहे. माझ्या कपाटात झोपेल. किल्ली माझ्या खिशात. मी आहे तोवर त्याला कोणी उठवणार नाही." वीस वर्षांत एकही उठला नाही. तुलाही तेच सांगितलं होतं. तू हसून विचारलंस, "बाबा, घोरतो का हो तो?"

ते हसणं आठवतं मला. बाकी ठीक. नळाला पाणी कमी येतं.

तुझा बाप


गुरुवार, १६ फेब्रुवारी

वजीह,

निळ्या खुणा आल्या. मी नज्लाला म्हटलं, दोन्ही निळ्याच आहेत ना, नीट बघ. ती म्हणाली, "बाबा, एक निळी आणि एक हिरवी अशी नसते." तिला सगळ्याची थट्टा सुचते.

तू तिला विचारलंस, "दिला का?" देणार आहे. वकील गावाला गेला आहे असं कळलं. कागद हातोहात द्यावा, कोणाबरोबर पाठवू नये, हे मी आयुष्यभर पाळलं आहे. अजून महिना आहे.

तू माझ्याशी एक शब्दही न बोलता गेलास, म्हणून माझी बाजू मांडायची राहिली. मी फक्त नववीपर्यंत शिकलेला माणूस. मला मोठे शब्द येत नाहीत. पण अकराशे माणसांची नावं येत होती, त्यांच्या बायकांची येत होती, कोणाची आई आजारी आहे ते माहीत होतं. आमच्या कचेरीच्या दारावर पाटी होती: कामगारांचे कामकाज. ती काढून नवी लावली: मानवी संसाधने. त्या दिवशी वनीस पाळी संपवून जात होता. थांबला, वाचलं, आणि मोठ्याने म्हणाला, "काका, गोदामाची पाटी चुकून इथे लागली काय? कापूस, रंग, वंगण, मानव!" सगळे हसले. मीही हसलो. तेव्हाच कळायला हवं होतं.

मग खिडकी बुजवली. त्या खिडकीत वाकून माणूस म्हणायचा, "काका, बायकोचे दिवस भरलेत," आणि मी लिहायचो पोटदुखी, कारण दोन दिवसांच्या पोटदुखीला दाखला लागत नाही. आता रजा फोनवरून मागायची आणि कारण यादीतून निवडायचं. रंगखात्यातला एक जण माझ्यासमोर फोन धरून उभा राहिला. म्हणाला, "काका, यादीत आई नाही." त्याची आई सकाळी गेली होती. मीच त्याला सांगितलं, "'इतर' दाब, बाळा." त्याने दाबलं.

फाटकावर चेहरा ओळखणारं यंत्र आलं ते तुला आठवत असेल. आत जाताना सगळ्यांना ओळखायचं. बाहेर येताना भुवयांवर कापूस बसलेला, की पडद्यावर लाल अक्षरं: अनोळखी व्यक्ती. मग नळापाशी तोंड धुवायला रांग. मी त्या माणसांना वीस वीस वर्षं त्या कापसासकट ओळखत होतो.

आणि जेवणाच्या खोलीतला तो पडदा. प्रत्येक नावापुढे रंग. हिरवा, पिवळा, लाल. तुमचं तीन नंबरचं विणकाम खातं अख्खं लाल झालं. माग जुने, सूत तुटायचं, माणसं काय करणार? पण त्या यंत्रणेत मागांना रंगच नव्हता, फक्त माणसांना होता. हे मी आमच्या कचेरीच्या नव्या प्रमुख नर्मीन मॅडमना सांगितलंही. मॅडम वाईट नव्हत्या. ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं.

ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी मला कपाट उघडायला लावलं. म्हणाल्या, "काका, सगळे कागद संगणकात घ्यायचे आहेत. एक जरी रकाना कोरा असला तरी यंत्रणा कागद परत फेकते. तुमचं अक्षर किती छान आहे. तेवढी तारीख भरून द्या." कोणती तारीख तेही चिठ्ठीवर लिहून दिलं. तिसऱ्या खात्याचे बेचाळीस कागद होते. तुझा मी हळूच बाहीत सरकवला. बाकीचे एकेचाळीस भरले. मला वाटलं नुसती नोंद आहे. देवाशपथ, मला काही कळलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात एकेचाळीस जणांच्या फोनवर एकाच मिनिटाला संदेश गेला की तुमचा राजीनामा मंजूर झाला. पुढचं तुला माहीत आहे.

नज्ला म्हणते फोटो नीट येत नाहीत, बाबा, कागद वाकडा धरता तुम्ही. लिहिताना ओळ सरळ येते. कागद धरताना वाकडा होतो.

तुझा बाप


गुरुवार, २ मार्च

वजीह,

एवढं सगळं लिहिलं आणि तू दोनच शब्द पाठवलेस. "मग बाही?"

नज्लाने वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, त्याला थंडीबद्दल काहीतरी विचारायचं असेल.

बरं. काही कळलं नव्हतं तर तुझा कागद बाहीत का लपवला, हेच ना? तिसऱ्या कागदावर मला कळलं. पहिले दोन भरताना खरंच नव्हतं कळलं, यावर विश्वास ठेव. तिसरा वनीसचा होता. त्याचा अंगठा मी स्वतः शाईत दाबला होता. तारीख लिहिता लिहिता मनात आलं, राजीनाम्यावर येत्या शनिवारची तारीख कशाला? मी वर बघितलं. मॅडम फोनवर होत्या. मी काय करायला हवं होतं ते तुला तिथे बसून दिसतं. पेन ठेवायचं, कपाट बंद करायचं, किल्ली गिळून टाकायची. माझ्या मनात त्यातलं काहीच आलं नाही. एवढंच आलं की तुझा कागद खालून सातवा आहे. मग मी सातव्याची वाट बघत भरत राहिलो. तो हाती आला, बाहीत गेला, आणि मला इतकं हलकं वाटलं, की उरलेले सहा मी भराभर भरले.

मी सातशे सव्वीस दिवस मुदतवाढीवर होतो. निवृत्त झालेल्या माणसाला कपाटासाठी ठेवलं होतं. कपाट रिकामं झालं, डिसेंबरात मलाही नारळ दिला. तेवढं तरी तुझ्या मनाला बरं वाटेल.

काल वनीस आला होता. हल्ली टुकटुक रिक्षा चालवतो. दारात उभा, आत येईना. मी म्हटलं, बस, चहा टाकतो.

"चहा नको काका. तुमच्या हातचा चहा प्यायलो की माझी कशावर तरी सही होते."

"बस रे. शिव्या बसून दे."

बसला. तुझ्या आईच्या हातची मुलुखियाची भाजी खाल्लेला पोरगा, पण खुर्चीच्या कडेवर बसला. म्हणाला, "वकील म्हणतो, एकच कोरा कागद हवा. सही आहे, अंगठा आहे, तारीख नाही. तो एक दाखवला की न्यायाधीशाला आणखी काही सांगावं लागणार नाही. नाहीतर आम्ही एकेचाळीस जण कितीही ओरडलो तरी कागदावर आम्ही राजीखुशीने गेलो."

"देतो. डब्यात आहे."

"डबा कुठाय?"

"किल्ली नज्लाकडे."

"बिस्किटांच्या डब्याला किल्ली असते होय, काका?"

नज्ला तेवढ्यात बाजारातून आली आणि विषय बदलला. जाताना तो तिला म्हणाला, "वजीहला सांग, लोक त्याला 'बयूमीचा लाडका' म्हणाले त्यात मीही होतो. त्याचा कागद मिळाला तर त्याच्या पाया पडेन." मला नाही म्हणाला. तिला म्हणाला. मी तिथेच उभा होतो.

आणखी एक. सकाळी वालाची उसळ, आपलं फूल, विकतात त्या गाडीपाशी नर्मीन मॅडम भेटल्या. मला वाटलं आम्हा म्हाताऱ्यांसारखं वाटीत उसळ घेऊन उभ्या कशा राहतील, पण होत्या. त्यांचीही नोकरी गेली. त्यांचं काम आता कैरोतली कोणती कंपनी लांबूनच करते. "काका, सकाळी फाटकावर गेले तर पडद्यावर आलं, अनोळखी व्यक्ती." म्हणजे त्यांनीही कामावर लागताना सही केली होती. मी विचारलं, "मॅडम, तुमच्या कागदावर तारीख कोणी घातली?" मला खरंच जाणून घ्यायचं होतं, माझ्यानंतर ते काम कोणाकडे गेलं.

त्या म्हणाल्या, "आता कोणी घालत नाही काका. आपोआप पडते."

मग रडल्या. मी माझी भाकरी त्यांना दिली. दुसरं काय देणार?

तुझा बाप


रविवार, १२ मार्च

वजीह, माझ्या लेकरा,

हे पान नज्लाच्या फोनमधून येणार नाही. मी स्वतः पोस्टात टाकणार आहे. खिडकीवरचा माणूस म्हणाला, जॉर्डनला तीन आठवडे लागतात. म्हणजे तुझ्या हाती पडेल तेव्हा सुनावणी होऊन गेली असेल. हेही मी जाणूनबुजून केलं आहे. आता खोटं बोलून उपयोग नाही.

कागद डब्यात नाही. डब्यात रेशनकार्ड आहे आणि तुझी आई गेल्यापासून ठेवलेले तिचे चष्मे.

तुला ते दहा दिवस आठवतात? एकेचाळीस जण बाहेर आणि तिसऱ्या खात्यात तू एकटा. पहिल्या दिवशी तू गेलास आणि तासाभरात परत आलास. म्हणालास, "बाबा, रिकाम्या मागांमध्ये माझं एकट्याचं नाव पडद्यावर आहे. हिरव्या रंगात." मग मी तुला अभिमानाने सांगितलं, तुझा कागद काढून घेतलाय, बघ, माझ्या खिशात आहे. मला वाटलं, तू माझा हात धरशील. तू उठून आत गेलास आणि भिंतीकडे तोंड करून झोपलास. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. कामावरही गेला नाहीस.

नवव्या दिवशी तुझ्या नावाने सूचना आली. दहावा दिवस सलग गैरहजेरीचा भरला की 'गैरहजेरीमुळे बडतर्फ' असा शेरा पडणार. वजीह, मी तीस वर्षं फायली सांभाळल्या. तो शेरा काय असतो ते मला माहीत आहे. माणूस मरतो, शेरा मरत नाही. नंतर जिथे जिथे तू काम मागायला गेला असतास, तिथे तो तुझ्याआधी पोचला असता. राजीनामा दिलेल्या माणसाची फाईल मात्र स्वच्छ असते.

मी स्वयंपाकघरात ओट्यावर तुझा कागद पसरला. दुपारच्या अजानला थोडा वेळ होता. आणि तारीख घातली. त्या वेळी मला वनीस आठवला नाही, खटला आठवला नाही, तो तेव्हा झालाही नव्हता. मला फक्त तो रकाना दिसत होता. जन्मभर कोरा रकाना दिसला की माझा हात आपोआप जातो. अक्षर इतकं नीट आलं की क्षणभर मला बरं वाटलं. मग चालत गिरणीत गेलो, कागद टेबलावर दिला, पोच घेतली, पोचेवर माझी सही केली. परत आलो तेव्हा तुझी पिशवी दारात भरलेली होती. तू इर्बिदला निघाला होतास. तुला सांगणार होतो. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस.

तुला तिथे काम मिळालं ते त्या स्वच्छ फायलीमुळे, असं मी स्वतःला सांगतो. नज्ला एकदा सहज म्हणाली की गोदामात कोणी तुझी कुठलीच फाईल मागितली नाही. दोन हात आहेत का, एवढंच बघितलं.

तर तो कोरा कागद जगात कुठेही नाही. तुझी अट पुरी करणं माझ्या हातात नाही. परवा नंतर, बुधवारी, मी कोर्टात जाणार आहे आणि तोंडाने सांगणार आहे की सगळ्या तारखा माझ्या. मला आत टाकलं तरी चालेल. तोंड तरी आहे. बघू.

लोकरीचं घाल.

बाप


तारीख:

वजीह,

मी बोललो. आधी हे ऐक, मी खरंच बोललो.

शपथ घेतली आणि सांगितलं, या एकेचाळीस तारखा माझ्या हातच्या आहेत, माणसांच्या नाहीत. सही केली तेव्हा रकाना कोरा होता. मागच्या बाकावर वनीस होता, तो उठून उभा राहिला, त्याला बसवलं. मला वाटलं, झालं. इतकं सोपं होतं आणि मी चार महिने तोंड मिटून बसलो होतो.

मग कंपनीचा वकील उठला. तरुण, गोड बोलणारा. मला 'हाजी' म्हणाला, मी हज केलेली नसताना.

"हाजी, रजेचे अर्ज कोण भरायचं?"

"मी."

"आजारपणाचे? बाळंतपणाचे?"

"सगळे मीच. लोकांना लिहिता येत नव्हतं."

"म्हणजे गिरणीतल्या प्रत्येक अर्जावर तुमचंच अक्षर?"

मी म्हटलं, "हो." आणि म्हणताना, वजीह, मला अजून थोडा अभिमान वाटला. इतका मी गाढव आहे.

"म्हणजे कामगार येऊन सांगायचे आणि तुम्ही त्यांच्या वतीने लिहायचात. राजीनामाही तसाच. यात नवीन काय?"

न्यायाधीशांनी विचारलं, "एखादा कोरा फॉर्म आहे का तुमच्याकडे?"

"होता."

"कुठे आहे?"

कंपनीच्या वकिलानेच उत्तर दिलं. त्याने फायलीतून तुझा कागद काढला. त्याला लावलेली पोच काढली. "हा याच्या सख्ख्या मुलाचा राजीनामा. याच खात्यातला. यानेच आणून दिला, यानेच सही करून पोच घेतली. हाजी, तुमच्या मुलाला कोणी जबरदस्ती केली होती?"

मला एकदम तुझी भरलेली पिशवी दिसली, आणि तोंडून गेलं, "नाही. तो स्वतःच गेला."

एवढंच लिहून घेतलं त्यांनी. बाकी माझं काहीच उपयोगी पडलं नाही. दावा फेटाळला. पुढे अपील करता येतं म्हणतात, पण अपिलातही तोच कागद आणि तोच साक्षीदार.

पायऱ्यांवर ते सगळे उभे होते. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. वनीस पुढे आला, माझ्या सदऱ्याच्या गळ्याची पट्टी नीट केली, जशी तू करायचास, आणि म्हणाला, "काका, चहा मात्र तुम्ही चांगला करायचात." त्याच्या टुकटुकमध्ये सहा जण बसले. मला आणि नज्लाला बस मिळेपर्यंत उन्हात थांबावं लागलं. घरी आल्यावर तिने बिस्किटांचा डबा उघडला, चष्मे काढून कपाटात ठेवले, डबा घासून पालथा घातला.

त्यानंतर तिने तुला निरोप पाठवला. एकच खूण आली, करडी. दुसरी येत नाही. रोज बघते, मला दाखवत नाही, पण मला तिच्या चेहऱ्यावरून कळतं. मला चेहरे ओळखता येतात. म्हणजे वनीसने तुला कळवलं असणार, आणि तू तिचाही नंबर बंद केलास. तिचा काय दोष होता? ती फक्त फोटो काढत होती.

म्हणून हेही पोस्टाने. रमजान लागला. संध्याकाळी ताटं तीन मांडली जातात. नज्ला मांडते, मग एक उचलते. दोघांचीही सवय जात नाही.

या पत्रावर मी तारीख घातलेली नाही. आज पहिल्यांदा माझा हात गेला नाही. वर बघ, रकाना कोरा आहे, सही मात्र खाली केली आहे. ज्या दिवशी तुला बापाशी बोलावंसं वाटेल त्या दिवसाची तारीख तू घाल. तुझ्या अक्षरात. माझी सही आधीपासून आहे, मी नाही म्हणू शकणार नाही.

आणि नसेलच कधी घालायची, तर कागद झोपू दे.

बयूमी, तुझा बाप